डॉक्टरच्या शेजारची जागा

आपल्या घरांत काही शब्द आले की त्यांना पाट मांडून बसवतात आणि काही शब्दांना ओटीवरच थांबवतात. 'डॉक्टर' हा पाटावर बसणारा शब्द. 'सहायक' हा ओटीवरचा. मुलीला दहावीला चांगले गुण पडले, अकरावीला तिनं जीवशास्त्र घेतलं, की त्याच दिवसापासून नातेवाईक तिला 'आमची डॉक्टरीण' म्हणायला लागतात. कुणाच्या मनात वाईट काही नसतं. पण दोन वर्षांनी त्या नावाचं ओझं एकट्या त्या मुलीलाच उचलावं लागतं, हे कुणी ध्यानात घेत नाही.

आमच्या धाकट्या दिरांच्या मुलीनं हे ओझं उचललं आणि मग स्वतःच्या हातानं खाली ठेवलं. तिच्याबरोबर तीनचार महिने मीही कॉलेजांची माहितीपत्रकं वाचली, माणसांना विचारलं, घरातले वाद ऐकले. 'फिजिशियन असिस्टंट' हे नाव आपल्या समाजातल्या पुष्कळ बायकांनी ऐकलेलंही नसेल. म्हणून हे लिहिते आहे.

आधी घरची परिस्थिती सांगायला हवी, कारण शिक्षणाचा विचार गल्ल्यापासून सुटा करता येत नाही. आमचं मूळ दुकान डिचोलीच्या बाजारात. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालल्या, २०१८ च्या मार्चमध्ये परत थांबल्या. ट्रकवाले, गॅरेजवाले, खाणीवरचे कामगार हेच डिचोलीच्या बाजाराचं गिऱ्हाईक. खाण थांबली की आमच्या गल्ल्याचा खुळखुळाटही थांबतो. तेव्हा भाऊजींनी पेडण्याला जाऊन हार्डवेअरचं दुकान घातलं. मोपाच्या विमानतळामुळे तिकडे बांधकामाला जोर होता. पोरगी म्हणून पेडण्यात वाढली. दुकान बरं चालतं, पण खाजगी मेडिकल कॉलेजची फी भरावी इतकं काही चालत नाही.

तिनं 'नीट' दोनदा दिली. ही परीक्षा ७२० गुणांची. २०२४ साली देशभरात २३ लाखांहून जास्त मुलं तिला बसली आणि एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाच्या थोड्याच वर. त्यातल्या सरकारी फीच्या त्याहून कमी. म्हणजे वीसबावीस जणांमागं एक खुर्ची. बाकीची सगळी मुलं 'ढ' आहेत असं म्हणायचं असेल तर म्हणा, मी म्हणणार नाही. तिला दोन्ही वेळा बरे गुण पडले. सरकारी जागेला पुरतील इतके नाही.

भाऊजींचं म्हणणं होतं, अजून एक वर्ष द्यावं. कोट्याला पाठवू, नाहीतर गावाकडची शेती काढू. माझ्या जावेचं म्हणणं काय होतं ते तिला कुणी विचारलं नव्हतं. आणि पोरगी एक दिवस डिचोलीला येऊन मला म्हणाली, "काकू, तेच पुस्तक मी तिसऱ्यांदा उघडणार नाही. मला पेशंटजवळ उभं राहायचंय. ते डॉक्टर होऊनच करता येतं असं कुणी सांगितलं?"

हे तिच्या डोक्यात कुठून आलं ते मला माहीत होतं. आमच्या सासूबाईंचं हृदयाचं ऑपरेशन परराज्यातल्या एका हॉस्पिटलात झालं, तेव्हा सोबतीला आम्ही दोघी होतो. मोठे सर्जन दिवसातून एकदा यायचे, दोन मिनिटं थांबायचे. पण एक तरुण मुलगी दिवसातून तीनतीनदा यायची. नळीतून किती पाणी आलं ते बघायची, छाती ऐकायची, रिपोर्ट चाळायची, काही वेगळं दिसलं तर लगेच सर्जनना फोन लावायची. घरी सोडताना कुठली गोळी कधी, काय झालं तर घाबरायचं आणि काय झालं तर घाबरायचं नाही, हे तिनं आईंना अर्धा तास बसून समजावलं. तिच्या बिल्ल्यावर लिहिलेलं होतं: फिजिशियन असिस्टंट. आमची पोरगी तेव्हा दहावीत होती. तिनं तो बिल्ला वाचला आणि लक्षात ठेवला.

हे काम आलं कुठून? अमेरिकेत १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी नौदलात जखमींची शुश्रूषा केलेल्या चार जणांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. त्यांच्या हाताला अनुभव होता, पदवी नव्हती. आणि तिकडे डॉक्टर कमी पडत होते. १९६७ साली त्यातले तिघं उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. आपल्याकडे १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांनी याची सुरुवात केली. म्हणून आपल्या देशात हे लोक आधी हृदयरोगाच्या विभागात दिसायला लागले. आता दुसऱ्या विभागांतही दिसतात. पेशंटची हकीकत घेणं, तपासणं, चाचण्यांचा पाठपुरावा, रोजच्या नोंदी, ऑपरेशनला हाताशी उभं राहणं, घरच्यांना समजावणं, हे त्यांचं काम; आणि हे सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली. स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही, हे पहिल्या दिवशीच मनाशी पक्कं करावं लागतं.

"म्हणजे कंपाउंडरच की," भाऊजी म्हणाले.

मला वाटतं, या एका वाक्यात आपल्या समाजाचं सगळं दुखणं आहे. कंपाउंडर ही काय शिवी आहे? आमच्या पिढीनं ज्या दवाखान्यांत लहानपण काढलं तिथं डॉक्टर आत बसायचे आणि बाहेर कंपाउंडर. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून लाल औषध देणारा तो. गावात ताप कुणाच्या घरी आहे, कुणाकडे पैसे नाहीत, कुठल्या म्हातारीला अक्षर दिसत नाही, हे सगळं त्याला पाठ. फरक इतकाच की तो बघूनबघून शिकला होता; त्याच्यामागं अभ्यासक्रम नव्हता, नोंदणी नव्हती आणि चुकला तर विचारणारं कुणी नव्हतं. चार वर्षं शरीरशास्त्र, शरीरक्रिया, औषधशास्त्र शिकून, शेवटचं वर्ष वॉर्डात काढून जी मुलगी उभी राहते ती कंपाउंडर नव्हे. पण कंपाउंडरच्या अंगी जी माया होती ती तिच्याकडे असली तर बिघडलं कुठं?

आणि गोव्यात तर ही उतरंड नवी नाही. पणजीला १८४२ साली पोर्तुगिजांनी वैद्यकीय शाळा काढली, एस्कोला मेदिको-सिरुर्जिका. तिथून शिकलेले कितीतरी गोंयकार मोझांबिक, अंगोला अशा पोर्तुगीज वसाहतींत जाऊन रोग्यांची सेवा करत राहिले. पण त्यांची पदवी पोर्तुगालच्या पदवीच्या बरोबरीची धरत नसत. बरोबरीचं व्हायचं तर पोर्तुगालला जाऊन पुन्हा परीक्षा द्यायची. तापानं फणफणलेल्या माणसानं मात्र कधी असं विचारलं नसणार, की तुमची पदवी पहिल्या दर्जाची की दुसऱ्या. त्याच शाळेचं पुढं १९६३ साली गोवा मेडिकल कॉलेज झालं. आज आपण ज्याला गोमेकॉ म्हणतो, बांबोळीचं, तेच.

बांबोळीचं नाव निघालं की पेडण्याचा आणि डिचोलीचा माणूस मनातल्या मनात बस बदलायला लागतो. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून बांबोळी. आपल्याकडे आरोग्य केंद्रं नाहीत असं नाही. डिचोलीला आहे, साखळीला आहे, कासारवर्ण्याला आहे. म्हापशाला जिल्हा इस्पितळ आहे. पण जरा दुखणं वाढलं की "बांबोळीक व्हरात" हे ठरलेलं. तिथं गर्दी. त्या गर्दीत डॉक्टर वाईट नसतात, त्यांना वेळ नसतो. पेशंटच्या उशाशी बसून समजावणारं माणूस ही चैन नव्हे, तो उपचाराचाच भाग आहे. गोळ्या कशा घ्यायच्या ते न समजल्यामुळे परत भरती झालेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

हे सगळं पटलं तरी पदवी कुठली घ्यायची हा प्रश्न राहतोच. आम्ही दोघींनी दुकानाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर वाटा मांडल्या.

पहिली वाट बी.ए.एम.एस. भाऊजींचा कल तिकडे होता, कारण त्यातही नावामागं डॉक्टर लागतं. शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे. शिवाय ११ डिसेंबर २०२२ ला मोपाच्या विमानतळाबरोबरच पेडणे तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचंही उद्घाटन झालं. घरापासून हाकेच्या अंतरावर. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. पोरगी म्हणाली, "आयुर्वेद शिकायचा तर त्याच्यावर श्रद्धा ठेवून शिकायचा. मागच्या दारानं इंजेक्शनं द्यायला नव्हे." यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं.

दुसरी वाट बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षं. बांबोळीला सरकारी संस्था आहे, फी झेपणारी, घरापासून जवळ. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी जुनी आणि पक्की. सरकारी नोकरीची दारं सगळ्यांत जास्त यातच. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत गावपातळीवरच्या केंद्रांत कम्युनिटी हेल्थ ऑफिसर नेमतात, ते नर्सिंगचे किंवा आयुर्वेदाचे पदवीधर असतात, वर सहा महिन्यांचा कोर्स. पुढं एम.एस्सी. करून अतिदक्षता विभागात नर्स प्रॅक्टिशनरही होता येतं. खरं सांगते, मला स्वतःला हीच वाट शहाणपणाची वाटत होती आणि मी तिला तसं बोलूनही दाखवलं.

तिसरी वाट साधी बी.एस्सी., प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. आमच्या नात्यातलं एक कुटुंब अमेरिकेत आहे, त्यांनी ही सुचवली. तिकडे फिजिशियन असिस्टंट व्हायला पदव्युत्तर शिक्षण लागतं, साधारण सव्वादोन वर्षांचं. त्याआधीची पदवी कुठल्याही विषयाची चालते, मात्र रसायन, सूक्ष्मजीव, शरीररचना, शरीरक्रिया हे विषय झालेले हवेत आणि पेशंटजवळ काम केल्याचे तासही दाखवावे लागतात. असे सुमारे ३०० अभ्यासक्रम तिकडे आहेत. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडची फिजिशियन असिस्टंटची पदवी घेऊन तिकडे थेट काम करता येत नाही. तिकडच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून बाहेर पडल्याशिवाय त्यांच्या परीक्षेलाच बसता येत नाही. "हा कोर्स करा आणि परदेशात जा" अशी जाहिरात दिसली तर हे वाक्य आठवा.

चौथी वाट बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट. चार वर्षं, त्यात एक वर्ष इंटर्नशिप. त्यासाठी चेन्नई, कोची अशा दूरच्या शहरांत जायचं.

या चौथ्या वाटेवर कायद्याचा उजेड किती, हे आम्ही बघितलं. २०२१ साली संसदेनं आरोग्यसेवेतल्या सहयोगी व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात व्यवसायांचे दहा गट आहेत आणि एका गटात फिजिशियन असोसिएटचं नाव स्पष्ट आहे. म्हणजे हा व्यवसाय आता कायद्याला माहीत आहे. राज्याराज्यांत परिषदा आणि नोंदवह्या असाव्यात असंही त्यात आहे. याच कायद्यानं आरोग्य व्यावसायिक म्हणवायला किमान ३६०० तासांचा, तीन ते सहा वर्षांचा अभ्यासक्रम ठरवला आहे. तेव्हा सहा महिन्यांत 'मेडिकल असिस्टंट' करून देणारे जे फलक रस्त्यारस्त्यावर लागतात ते म्हणजे हे नव्हे, एवढं तरी कळतं. पण कायदा कागदावरून वॉर्डापर्यंत पोचायला वेळ लागतो. या पदवीची कामं मुख्यतः मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत आहेत. पोरगी शिकून पेडण्याला परत आली तर तुये किंवा कासारवर्ण्याला तिच्यासाठी खुर्ची मांडलेली असेल, असं मी तिला सांगू शकले नाही. तिनंही तसं समजू नये.

म्हणून तिनं वहीत प्रश्न लिहिले आणि प्रत्येक कॉलेजला तेच विचारले. पदवी कुठलं विद्यापीठ देतं? कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, आणि त्यात किती खाटा? इंटर्नशिपला विद्यावेतन मिळतं की उलट पैसे भरायचे? गेल्या दोन वर्षांत पास झालेल्या मुलांपैकी दोघातिघांशी बोलू द्याल का? आयोगाच्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम आहे का? पुढं याच विषयात एम.एस्सी. कुठं करता येतं? एका ठिकाणी शेवटपर्यंत उत्तरं मिळाली नाहीत, फक्त "सीट लवकर बुक करा" एवढंच. त्या कॉलेजवर तिनं काट मारली. बायांनो, मुलीला कुठंही पाठवा, पण हे प्रश्न विचारल्याशिवाय पैसे भरू नका. साडी घेताना आपण पदर उलगडून बघतो, इथं तर चार वर्षं आहेत.

आता आपल्या धर्माकडे येते, कारण घरात सगळ्यांत मोठा वाद तिथंच झाला.

सासूबाईंना पहिली काळजी रात्रीच्या जेवणाची. "बारा तासांची ड्यूटी, सूर्य मावळला तरी पोरीच्या पोटात काही नसणार. मग ती नियम मोडेल." दुसरी काळजी रक्तामांसाची. तिसरी, औषधांतलं प्राणिज द्रव्य; कॅप्सूलची टोपणं जिलेटीनची असतात हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंच आहे.

हा विषय आमच्या स्वाध्याय मंडळात निघाला. तिथं जे बोलणं झालं ते मला मोलाचं वाटतं. एक बाई म्हणाल्या, गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थानं मुळापासून सोडायची ती संकल्पी. रोगी वाचावा म्हणून चाकू धरणाऱ्या हातात मारण्याचा संकल्प कुठं आहे? दुसऱ्या म्हणाल्या, कॉलेजात बेडूक कापण्याची भीती आमच्या वेळी होती. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ साली प्राणिशास्त्रातलं ते विच्छेदन थांबवलं. आणि माणसाच्या देहावर शिकायचं तर तो देह कुणीतरी आपणहून दिलेला असतो. ते दानच झालं.

मग मंडळातल्या सगळ्यांत वयस्कर आजी बोलल्या. त्यांचं शिक्षण मराठी चौथी. पण सहा आभ्यंतर तपं त्यांना तोंडपाठ: प्रायश्चित्त, विनय, वैयावृत्त्य, स्वाध्याय, व्युत्सर्ग, ध्यान. त्या म्हणाल्या, "वैयावृत्त्य म्हणजे काय? आजारी मुनींची, थकल्याभागल्यांची सेवा. त्यांचे पाय चेपायचे, मळ काढायचा, औषध द्यायचं. हे शास्त्रानं उपवासाच्या ओळीत नाही ठेवलं. उपवास बाहेरचं तप. सेवा आतलं. ध्यानाच्या ओळीत बसवलंय. आणि तुम्ही म्हणताय सहायक झाली म्हणून पोरीचं कमी झालं!"

आम्ही सगळ्याच गप्प झालो. आहारदान, औषधदान, शास्त्रदान, अभयदान ही चार दानं आपण लहानपणापासून पाठ करतो. नवव्या शतकातल्या उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला; मद्य, मांस, मध न वापरता उपचार सांगितले. १९४० साली तो सोलापुरातून छापलाही गेला. म्हणजे औषधात काय चालतं आणि काय नाही, हा सासूबाईंचा प्रश्न हजार वर्षांपूर्वी एका जैन आचार्यांनाही पडलेला होता. त्यावर त्यांनी वैद्यक सोडून दिलं नाही, वैद्यकाच्या आतूनच वाट काढली.

पण एक सावधगिरी मला स्वतःला वाटते, तीही लिहून ठेवते. वैयावृत्त्य हा मोठा शब्द आहे, आणि मोठ्या शब्दांच्या पांघरुणाखाली बायकांना कमी पगारात राबवण्याची आपल्याकडे रीत आहे. नर्सला 'सिस्टर' म्हणायचं, 'देवदूत' म्हणायचं आणि रजा मागितली की तोंड वाकडं करायचं. तप ती आपल्या मनानं करील. हॉस्पिटलनं मात्र तिला कामाचे तास, पगार आणि नेमणुकीचं पत्र नीट द्यायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

रात्रीच्या जेवणाचं तिनं तिच्या मनानं ठरवलं. ड्यूटी असेल त्या दिवशी साडेपाचला डबा, नंतर फक्त पाणी. जमेल तितके दिवस पाळीन, अंगात ताकद राहिली नाही आणि पेशंटला त्रास होईल असं वाटलं तर आजीला फोन करीन. सासूबाईंना हे 'फोन करीन' फार आवडलं.

अहिंसेपेक्षा मला तिच्या बाबतीत सत्यव्रताची कसोटी जास्त मोठी वाटते. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. पेशंट तिला डॉक्टरच म्हणणार. आमच्या शेजारच्या आजींनी तर आताच विचारलं, "बाय, दोतोर जातली मगो?" त्या क्षणी "व्हय" म्हणणं किती सोपं! इंग्लंडमध्ये यावरून मोठं वादळ झालं. तिकडे या लोकांना 'फिजिशियन असोसिएट' म्हणत. आपल्याला तपासणारं माणूस डॉक्टर नाही हे कित्येक रोग्यांना कळतच नव्हतं. २०२५ च्या जुलैत प्रोफेसर जिलियन लेंग यांचा अहवाल आला. नाव पुन्हा 'असिस्टंट' करा म्हणजे गैरसमज होणार नाही, आणि ज्याचं निदानच झालेलं नाही असा नवा रोगी ठरवून दिलेल्या नियमांबाहेर त्यांनी एकट्यानं बघू नये, अशा त्यातल्या शिफारशी. अमेरिकेत मात्र त्यांच्या संघटनेनं २०२१ साली 'असिस्टंट' टाकून 'असोसिएट' घेतलं होतं. एकीकडे शब्द नको म्हणून सोडला, दुसरीकडे रोग्याच्या भल्यासाठी परत आणला. मी पोरीला ही बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, "काकू, मी पहिलं वाक्यच हे बोलीन, मी डॉक्टर नाही, डॉक्टरांबरोबर काम करते. मग पुढचं तपासणं." बारीकसं वाक्य आहे. पण दिवसातून पन्नासदा बोलायचं म्हणजे व्रतच.

शेवटी निर्णय तिनंच घेतला: बी.एस्सी. फिजिशियन असिस्टंट, केरळात. मी नर्सिंगकडे झुकले होते हे वर लिहिलंच आहे. तिनं माझं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नर्सिंग कमी नाही, काकू. पण मला तपासायला आणि विचार करायला आवडतं. रोग्याचं काय बिघडलंय ते शोधायच्या ठिकाणी मला राहायचंय. सरकारी नोकरी नाही मिळाली तर तो धोका माझा." एकोणीस वर्षांच्या मुलीला स्वतःचा धोका स्वतःच्या नावावर घेता येतो, हे बघून माझ्या जावेनं पहिल्यांदा तोंड उघडलं. नवऱ्याला म्हणाली, "कोट्याचे पैसे तिच्या फीला लागू द्या. शेती राहू दे." तिला आधीच कुणी विचारलं असतं तर महिनाभराची भांडणं वाचली असती.

भाऊजींचा राग पुरता गेलेला नाही. परवा दुकानात कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मेडिकल लायनीला आहे." अजून तेवढंच. चालेल. तिला चार वर्षं आहेत, त्यांनाही आहेत.

मला आता समाजाकडे एकच मागणं मागायचं आहे. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, पुढं ठिकठिकाणी बोर्डिंगं निघाली, म्हणून आपल्या वाडवडिलांतली खेड्यातली पोरं शहरात राहून शिकली. पंडिता सुमतीबाई शहांनी सोलापूरच्या श्राविकाश्रमात निराधार बायकांना शिकवून पायावर उभं केलं. त्या काळी गरज होती ती त्यांनी ओळखली. आजची गरज वेगळी आहे. नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅबोरेटरी, फिजिशियन असिस्टंट शिकायला आपल्या मुली कोची, चेन्नई, मंगळूर, बेळगावला जातात. तिथं त्यांना हवी असते एक साधी खोली आणि सूर्य मावळायच्या आत मिळणारं ताट. डॉक्टर होणाऱ्या मुलीचा सत्कार आपण करतोच, शाल-श्रीफळ देतो. यांच्या नावाची शिष्यवृत्ती मात्र माझ्या पाहण्यात नाही.

पुढच्या दशलक्षण पर्वात अभिषेकाचे सवाल बोलले जातील, आकडे चढत जातील. त्यातला एक सवाल औषधदानाच्या नावानं बोलू या आणि तो पैसा या मुलींच्या फीला आणि ताटाला लावू या. मी माझ्याकडून पहिला आकडा बोलणार आहे. आणि नंतर कुणी विचारलंच, की तुमची पुतणी काय शिकते, तर सरळ सांगणार आहे: ती डॉक्टर होणार नाही. डॉक्टरच्या शेजारी उभी राहणार आहे, रोग्याच्या बाजूनं.